फटफटीची पालखी

अमेरिकेला जाऊन आलेल्या माणसाने नायगाऱ्यावर लिहावे, न्यूयॉर्कच्या उंच इमारतींवर लिहावे, फार तर तिथल्या म्हाताऱ्यांच्या एकटेपणाबद्दल दोन सुस्कारे टाकावेत, असा आपल्याकडे प्रघात आहे. मी नायगारा पाहिलाच नाही. दोन वर्षांमागे कॉलेजच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी डेन्व्हरला ताईकडे पाच आठवडे राहून आले. त्या पाच आठवड्यांतले सगळ्यांत ठळक असे काय मनात राहिले असेल, तर मोटारीच्या पाठीमागे आडवी बांधून साडेतीनशे मैल नेलेली एक फटफटी. ऐकणारे हसतात. पण त्या फटफटीने मला जेवढा मुलूख दाखवला आणि जेवढा घोर लावला, तेवढा कोणत्याही धबधब्याने लावला नसता.

अमेरिकन माणसाला वाहनावर वाहन लादल्यावाचून प्रवास केल्यासारखे वाटत नाही. मोटारीच्या टपावर होडी, मागे सायकली, आणि कुटुंब मोठे असले तर बसएवढ्या चाकावरच्या घरामागे दोरीला बांधलेल्या वासरासारखी आणखी एक मोटार! बाप-लेक आणि गाढव यांची गोष्ट आपण लहानपणी ऐकली आहे. लोकांच्या सांगण्यावरून त्या दोघांनी शेवटी गाढवालाच बांबूला बांधून खांद्यावर घेतले. अमेरिकेतल्या रस्त्यावर ती गोष्ट रोज दिसते. फरक इतकाच की इथे कोणी हसत नाही. गोष्टीतले गाढव पुलावरून नदीत पडले हे मात्र आपण सांगता सांगता उरकून टाकतो. ते का पडले? नीट बांधले नव्हते म्हणून.

ताईचा मुलगा चोवीस वर्षांचा. कमी बोलणारा, यंत्रात रमणारा. त्याच्याजवळ २५० सी.सी.ची एक उंच, हाडकुळी फटफटी आहे. खडकातून, वाळूतून पळवायची ही जात. पेट्रोलची टाकी एवढीशी, टायरांना ढेकळांएवढे दाते. अशी फटफटी ताशी पाऊणशे मैलांच्या हमरस्त्यावर नेणे म्हणजे खेळण्याच्या होडीतून मुंबई ते रत्नागिरी जाण्यासारखे. म्हणून ती जिथे चालवायची तिथपर्यंत मोटारीवरून न्यायची. आणि तिला चालवायचे होते युटा राज्यातल्या मोआब गावाजवळच्या लाल खडकांत. ताईला त्या फटफटीचे नाव काढले तरी धस्स होई. "तू बरोबर जा," ती मला म्हणाली, "म्हणजे तो सांभाळून चालवील." अशा रीतीने मराठीची एक अध्यापिका फटफटीची पाठराखीण झाली.

आदल्या संध्याकाळी ताईने आपली स्वतःची मोटार देऊ केली. "नवी आहे, तीच ने." भाच्याने मान हलवली. मोटारीच्या मागच्या बाजूला खाली एक चौकोनी पोकळ नळी असते, तिला हिच म्हणतात. तीत रॅकचा दांडा सरकवायचा आणि आरपार खीळ घालायची, की रॅक मोटारीला जडला. ताईच्या लहान मोटारीची नळी सव्वा इंची होती, आणि तिच्यावर चिकटवलेल्या पट्टीवर लिहिले होते की हिला उभा भार २०० पौंडच सोसेल. भाच्याच्या स्वतःच्या जाडजूड मोटारीची नळी दोन इंची, आणि तिची मर्यादा ५०० पौंड. फटफटी भरते २५० पौंड, लोखंडी रॅक ७५. बेरीज ३२५. "आणि हिचचा आकडा एक आणि मोटारीच्या पुस्तकातला दुसरा असेल," तो म्हणाला, "तर त्यातला लहान तो खरा."

मी म्हटले, "पाचशेत सव्वातीनशे म्हणजे पुष्कळच जागा राहिली की."

त्यावर त्याने स्वयंपाकघरातल्या टेबलावरचा कागद ओढला आणि मोटार काढली. पुढचे चाक, मागचे चाक, मध्ये ११० इंच. फटफटी बसते ती मागच्या आसाच्याही मागे, सुमारे ६५ इंचांवर. म्हणजे मागचा आस झाला टेकू आणि मोटार झाली तराजूची दांडी. मागे ३२५ पौंड टांगले की पुढच्या चाकांवरचे १९२ पौंड उचलले जातात आणि मागच्या आसावर ३२५ नव्हे, ५१७ पौंड चढतात. पुढची चाके हलकी झाली की सुकाणू सैल पडते. ब्रेक मारताना मोटारीची मुख्य पकड पुढच्या चाकांचीच असते, तीही उणावते. वर दिव्यांचा झोत आभाळाकडे जाऊन समोरच्याच्या डोळ्यांत शिरतो.

"म्हणजे गाडी उलाळ होते," मी म्हणाले.

त्याने वर पाहिले. हा शब्द त्याला ठाऊक नव्हता. कसा असणार? माझ्या आजोळी बैलगाडी भरताना दोन शब्द सारखे कानावर येत. ओझे पुढे जास्त झाले तर गाडी धुरजड, जू बैलांच्या मानेवर रुतते. मागे जास्त झाले तर उलाळ, जू वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. उलाळ गाडी चढावर उभी राहिली की गाडीवान झटकन पुढे सरकून धुरेवर बसायचा, तेवढ्याने तोल सावरायचा. मी हे सांगितले तेव्हा भाचा इतका खूश झाला की त्याने कागदावर देवनागरीत "उलाळ" लिहून त्याभोवती चौकोन काढला. मग उठून त्याने मोटारीच्या मागच्या कप्प्यात भरलेली पाण्याची पिंपे आणि हत्यारांची पेटी काढून मागच्या बाकाच्या पायथ्याशी, आसाच्या पुढे, आणून ठेवली. ही युक्ती त्याच्या पुस्तकात असणारच. पण त्या दिवशी तिचे श्रेय आमच्या गाडीवानाला मिळाले.

पहाटे पाचला पालखी निघायची होती. रॅक नळीत घातला, खीळ घातली, खिळीला टाचणी लावली. तरी दांडा नळीत किंचित खुळखुळत होताच. दोन इंचांच्या नळीत दोन इंचांचा दांडा थोडा सैलच असावा लागतो, नाहीतर तो आत जाणारच नाही. पण हा केसाएवढा सैलपणा तीन फुटांवरच्या टोकाला बोटभर होतो, आणि प्रत्येक खड्ड्याला हातोड्यासारखा ठोका देतो. त्यावर एक लोखंडी कवळी मिळते. ती नळी आणि दांडा यांच्याभोवती घालून तिचे बोल्ट आवळले की दोन्ही एकजीव होतात. कुदळीच्या दांड्याला पाचर मारतात, त्यातलाच प्रकार.

मग फटफटी चढवायची. इंजिन बंद, एक जण हँडलाशी, दुसरा मागून, आणि अरुंद घसरपट्टीवरून ढकलत न्यायची. ताई ओट्यावर उभी राहून देवाचे नाव घेत होती. मी मागून ढकलत होते. फटफटी रॅकच्या खोबणीत उतरली तेव्हा माझ्या लक्षात आले की ती मोटारीपेक्षा लांब आहे. दोन्ही बाजूंना पाच-पाच इंच बाहेर. तिथे भाच्याने लाल कापडाच्या चिंध्या बांधल्या. मागचे लाल दिवे झाकले जात होते म्हणून रॅकवर दोन वेगळे दिवे जोडले होते, ते मला मागे उभे करून ब्रेक दाबून तपासले. मोटारीचा धूर सोडणारी नळी फटफटीच्या टायरावर रोखलेली नाही ना, तेही पाहिले. तासन्‌तास गरम धूर लागला तर रबर वितळते म्हणे.

बांधण्याचा प्रकार मात्र पाहण्यासारखा होता. मला वाटले होते, चऱ्हाटाचे चार वेढे घातले की झाले. तसे नाही. चार रुंद पट्टे. प्रत्येकाला रॅचेट, म्हणजे एकाच दिशेने फिरणारे दातेरी चाक. दोन पुढे, दोन मागे, आणि चारही खाली व बाहेरच्या अंगाला ओढणारे. हँडलाच्या मुठींना बांधायचे नाही, त्या फिरतात. जिथे हँडल पुढच्या दांड्यांना जडते त्या भक्कम जागी मऊ कापडी फास घालायचे आणि त्यांत आकडा अडकवायचा. लवचीक रबरी दोऱ्या वापरायच्याच नाहीत. त्या ताणतात, म्हणजेच सोडतातही.

मग आवळताना फटफटीची पुढची स्प्रिंग दबेपर्यंत आवळायचे. हे का, ते मला नीट समजून घ्यावेसे वाटले. फटफटी आपल्या स्प्रिंगांवर उभी असते. पट्टा सैल असला आणि रस्त्यात धक्का बसला तर फटफटी खाली दबते, त्या क्षणी पट्टा ढिला पडतो, आकडा निसटतो, आणि पुढच्या क्षणी फटफटी मोकळी. म्हणून आधीच थोडी दाबून ठेवायची. पण पार खालपर्यंतही नाही, कारण तासन्‌तास तशी दाबून ठेवली तर आतल्या तेलाच्या सीलांवर ताण येतो. म्हणून चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये त्याने एक लाकडी ठोकळा बसवला, की त्यापुढे ती दबूच नये. दोन्ही चाकांपुढे उटी लावावी तसे अटकाव होते. शेवटी त्याने सीटला धरून फटफटी जोराने हलवली. फटफटीबरोबर सबंध मोटार डोलली. "असं पाहिजे," तो म्हणाला. "एकटी हलली तर चूक, दोघी हलल्या तर बरोबर." पट्ट्यांना एकेक पीळ दिला, म्हणजे वाऱ्यात फडफडून ते गुणगुणत नाहीत, आणि उरलेली टोके गाठ मारून खोचली.

या सगळ्याला पाऊण तास लागला. निघालो, आणि पंधरा मैलांवर पहिल्याच पेट्रोल पंपाशी तो थांबला. मी विचारले, काय झाले? काही नाही. पट्टे पहिल्या काही मैलांत बसतात, सैलावतात. खरोखरच दोन रॅचेट आणखी एकेक दात सरकले.

डेन्व्हरहून पश्चिमेला निघालेला रस्ता हा हा म्हणता रॉकी पर्वतात शिरतो. मे महिन्याचा मध्य, तरी वरच्या खिंडींत बर्फाचे ढीग होते. ११,००० फुटांहून उंच जागी आयझेनहॉवर बोगदा आहे. पश्चिमेकडे जाणारी त्याची वाट १९७३ साली खुली झाली आणि पूर्वेकडे येणारी जोडवाट १९७९ साली. पावणेदोन मैलांचा हा बोगदा अमेरिकेच्या पाणलोटाच्या कण्याखालून जातो. अलीकडचे पाणी अटलांटिकला, पलीकडचे पॅसिफिकला. आपल्या महाबळेश्वरी कृष्णा पूर्वेला आणि सावित्री पश्चिमेला जाते, तसेच हे. फक्त आपल्याकडे तिथे देऊळ आहे आणि यांच्याकडे बोगदा.

बोगद्याबाहेर पडले की सात टक्क्यांचा सलग उतार लागतो. ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांनी शिरावे म्हणून रस्त्याच्या कडेला खडीचे चढ करून ठेवले आहेत. त्यावरून उताराची कल्पना यावी. आणि तिथेच आमच्या पुढे ती मोटार दिसली.

ताईच्या मोटारीएवढीच लहान. तिच्या मागे आडवी बांधलेली फटफटी मात्र आमच्या फटफटीच्या दुपटीची, रस्त्यावर चालवायची जड जात. मोटारीचे बूड रस्त्याला टेकायला आले होते आणि नाक वर. अस्सल उलाळ! फटफटी सरळ उभी नव्हतीच. ती मागे, आमच्या अंगाला, कलली होती आणि प्रत्येक सांध्यावर आणखी एकदा मान झुकवून परत येत होती. मागच्या काचेतून आठ-दहा वर्षांची एक मुलगी तिच्याकडे पाहत होती.

भाचा काही बोलला नाही. त्याने प्रथम वेग कमी करून अंतर वाढवले आणि धोक्याचे चारही दिवे लुकलुकत ठेवले, म्हणजे मागून येणारे सावध व्हावेत. साडेचारशे पौंडांचे लोखंड त्या उतारावर सुटले असते तर ते पुढच्याला लागले नसते. लागले असते मागच्याला, म्हणजे आम्हाला, किंवा आमच्या मागच्या, ज्याला काहीच ठाऊक नव्हते अशा कोणाला तरी. थोडे पुढे रस्ता रुंदावल्यावर तो दुसऱ्या पट्ट्यातून मोटारीच्या बरोबरीला गेला. "मावशी, हात कर." मी काच खाली केली आणि हाताऐवजी ओढणीच बाहेर धरली. ती अशी फडफडली की चालवणाऱ्याने दचकून पाहिले. मी मागे बोट दाखवले. त्याने आरशात पाहिले, आणि सिल्व्हरथॉर्नच्या वळणापर्यंत अगदी गोगलगाईच्या चालीने आला.

तिथल्या पेट्रोल पंपावर दोन्ही मोटारी उभ्या राहिल्या. गृहस्थ पन्नाशीचा. आधी तो जरा घुश्शातच होता. साठ-सत्तर मैल आलो, काही झाले नाही, असे त्याचे म्हणणे. आपल्याकडेही हेच म्हणतात. आजवर काही झाले नाही हा पुरावा माणसाला नेहमी पुरेसा वाटतो. भाच्याने वाद घातला नाही. त्याने नुसते त्या फटफटीच्या सीटला बोट लावले. ती वीतभर डुलली आणि मोटार हललीच नाही. रबरी दोऱ्या होत्या. नळी जिथे मोटारीला जडली होती तिथला पत्रा ओढला जाऊन त्याचा रंग तडकला होता. मग भाचा गुडघ्यांवर बसला, नळीवरची पट्टी बोटाने पुसली आणि बाजूला सरला. गृहस्थाने वाकून आकडा वाचला. २००. तो बराच वेळ वाकलेलाच राहिला. मुलगी मोटारीतून उतरून त्याच्याजवळ आली तेव्हा त्याने तिला काही न बोलता मोटारीच्या मागून दूर, भिंतीपाशी, नेऊन उभे केले.

आम्ही चौघांनी ती फटफटी उतरवली. तिचे इंजिन बिघडलेले होते, म्हणून चालवत नेता येत नव्हती. भाच्याने त्याला सांगितले की फटफटीसाठी भाड्याने ट्रॉली मिळते, आणि तुझी मोटार ती ओढू शकेल. मला हे कोडेच वाटले. जी मोटार रॅक पेलत नाही ती फटफटीसकट ट्रॉली कशी पेलणार? उत्तर सोपे आहे. ट्रॉलीला स्वतःची चाके असतात. बहुतेक ओझे त्या चाकांवर जाते. हिचवर टेकतो तो एकूण वजनाचा दहावा, फार तर सातवा हिस्सा. ओढणे आणि पाठीवर घेणे यांत हा फरक आहे. म्हणून जड फटफटीला रॅक नव्हे, ट्रॉलीच. हिचने सोसले तरी मोटार सोसत नाही. गृहस्थ फोनवर ट्रॉलीची चौकशी करू लागला. निघताना त्याने भाच्याचा हात बराच वेळ धरून ठेवला. त्या मुलीने माझ्या ओढणीकडे बोट करून तिचा रंग छान आहे असे सांगितले. आम्ही निघालो तेव्हा भाच्याचे हात मला किंचित थरथरताना दिसले. मी थर्मासातला चहा त्याच्यापुढे केला. तो विषय मग आम्ही दोघांनीही काढला नाही, आणि ताईला तर आजतागायत सांगितलेला नाही. दिवाळी अंकातून तिला कळेल तेव्हा कळेल.

पुढचा रस्ता वर्णन करण्यासारखा आहे, पण वेल खिंडीबद्दल मी काही लिहीत नाही. बर्फ आणि देवदार सर्वत्र सारखेच. ग्लेनवूडच्या घळईचे मात्र सांगायला हवे. कोलोरॅडो नदीने कोरलेली ही बारा मैलांची घळई इतकी अरुंद, की चौपदरी रस्त्याला तिच्यात जागाच नव्हती. तेव्हा त्यांनी रस्ता खांबांवर उचलून घेतला. १९९२ साली तो पुरा झाला. एक दिशा वर, दुसरी खाली, मधून नदी आणि आगगाडी. माणसाने डोंगराला फारसे न दुखवता वाट काढली तर ती कशी दिसते, ते इथे पाहावे. नदी आता आमच्याबरोबर पश्चिमेला निघाली होती.

ग्रँड जंक्शन ओलांडले की झाडे संपतात. युटाची हद्द लागते आणि सगळा मुलूख भाजलेल्या भाकरीसारखा होतो. सिस्को नावाच्या ओसाड वस्तीजवळून आम्ही हमरस्ता सोडला आणि नदीकाठच्या लहान रस्त्याला लागलो. वळणे सुरू झाली तशी भाच्याने चाल आणखी मंदावली. मागे टांगलेले ओझे वळणावर मोटारीचे बूड बाहेर ढकलू पाहते. वाटेत डुई येथे १९१६ सालच्या झुलत्या पुलाचे नुसते मनोरे आणि तारा उभ्या आहेत. २००८ साली काड्यापेटीशी खेळणाऱ्या एका मुलाच्या हातून आग लागली आणि लाकडी पूल जळून गेला. पुढे लाल सुळके, त्यांच्या मागे ला साल पर्वतावरचे पांढरे बर्फ. लाल आणि पांढरे एकाच चौकटीत! असा देखावा कोणी चित्रात काढला असता तर मी त्याला अतिशयोक्ती म्हटले असते.

मोआब हे १९५० नंतरच्या दशकात युरेनियमच्या शोधाने फुगलेले गाव. आता ते प्रवाशांवर जगते. गावाच्या डोक्यावर स्लिकरॉक नावाची साडेदहा मैलांची वाट आहे. वाट म्हणजे उघडा, गुळगुळीत, गोलगोल लाल खडक आणि त्यावर पांढऱ्या रंगाच्या तुटक रेघा. मुळात हे वाळूचे डोंगर. कोट्यवधी वर्षांत वाऱ्याने रचलेल्या टेकड्या दगड झाल्या. पहिल्या वसाहतवाल्यांच्या घोड्यांचे लोखंडी नाल यावरून घसरत, म्हणून हा निसरडा खडक. रबराचे टायर मात्र त्याला घट्ट धरतात. आज ही वाट सायकलवाल्यांची पंढरी समजली जाते, पण ती १९६९ साली आखली फटफटीवाल्यांनी. तेव्हा तिथे फटफटीला मान आहे.

उतरवणे चढवण्याहून नाजूक असते, हे मला तिथे कळले. पट्टे एकदम सोडायचे नाहीत. एक बाजू सोडली की दाबलेली स्प्रिंग उसळते आणि फटफटी दुसऱ्या बाजूला झेप घेते. मी एका अंगाने हँडल धरून उभी राहिले, त्याने दुसऱ्या अंगाचा पट्टा दाता-दात्याने सैल केला. फटफटीने एक लांब श्वास सोडावा तशी ती वर आली. मग शिरस्त्राण, छातीचे चिलखत, गुडघ्यांच्या वाट्या. सगळे चढवून तो पांढऱ्या रेघेवरून वर गेला. खडकाच्या एका घुमटामागे आवाज विरला. दुसऱ्या घुमटावर ठिपका दिसला. मी मोटारीच्या सावलीत शिधोरी उघडली. ताईने तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लसणाची चटणी दिली होती.

तीन तासांनी तो परत आला, नखशिखान्त लाल. फटफटी पुन्हा चढवायची होती. रॅचेटांच्या दात्यांत बारीक वाळू गेली होती. ती तशीच राहिली तर दाते पुरते बसत नाहीत आणि वाटेत सुटतात. प्यायचे पाणी पुरेसे उरले होते. मी एकेक पट्टा धरला, त्याने बाटलीने दाते धुतले, आणि मग आम्ही दोघांनी मिळून त्या चारही बाजू आवळल्या. त्याने सीट धरून हलवले. मोटारही हलली.